हजार डोळे आणि साताऱ्यातला ‘ऱ्या’

संगणकाच्या आज्ञावलीत दोष असतात आणि त्यांना ‘बग’ म्हणतात, हे आता शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. दोष सापडला की कोणीतरी तो दुरुस्त करतो, नवी आवृत्ती येते आणि काम पुढे चालू राहते, इतपत कल्पनाही बहुतेकांना असते. मात्र दोष दुरुस्त होतो म्हणजे नेमके काय होते, आणि दुरुस्ती करणाऱ्याच्या दक्षतेचा त्यात किती वाटा असतो, याविषयी मराठीत फारसे लिहिले जात नाही. खुल्या आज्ञावलींच्या बाबतीत तर एक समजूत इतकी रूढ झाली आहे की ती तपासून पाहण्याची गरजच कोणाला वाटत नाही. येथे ती तपासण्याचा आमचा विचार आहे.

खुली आज्ञावली म्हणजे जिची मूळ संहिता कोणालाही वाचता येते, बदलता येते आणि बदलून इतरांना देता येते अशी आज्ञावली. लिनक्स, फायरफॉक्स, लिब्रेऑफिस ही तिची परिचित उदाहरणे. यातली समजूत अशी, की संहिता सर्वांसमोर उघडी असल्याने तिच्यातले दोष फार काळ लपून राहू शकत नाहीत. पाहणारे पुष्कळ असले की प्रत्येक दोष कोणाच्या ना कोणाच्या नजरेत येतोच, आणि तो ज्याला सोपा वाटेल असा कोणीतरी भेटतोच. एरिक रेमंड या अमेरिकन प्रोग्रॅमरने १९९७ साली ‘द कॅथीड्रल अँड द बझार’ हा निबंध सादर केला, त्यात हा विचार नियमाच्या रूपात मांडला आणि त्याला लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांचे नाव दिले. पुढच्याच वर्षी नेटस्केप कंपनीने आपल्या ब्राउझरची संहिता खुली केली, त्यामागे या निबंधाचाही प्रभाव होता. एका निबंधाने उद्योगाला इतके हलवावे, असे क्वचितच घडते.

निबंध आजही वाचनीय आहे. मोठे प्रार्थनामंदिर मोजके कारागीर बंद दाराआड, पूर्ण आराखड्यानुसार बांधतात. बाजार मात्र हजार लोकांच्या येण्याजाण्यातून उभा राहतो. टपाल आणून देणाऱ्या स्वतःच्या एका छोट्या आज्ञावलीच्या अनुभवावरून रेमंड यांनी दाखवून दिले, की बाजाराची रीत दिसायला अस्ताव्यस्त असली तरी तिच्यात दोष लवकर सापडतात. दोष शोधणारा एक आणि त्याचे कारण ओळखणारा दुसराच असू शकतो, हेही त्यांनी नोंदवले आहे. मात्र त्यांचा सारा भर सापडण्यावर आहे. सापडला की पुढचे काम तुलनेने सोपे, असा निबंधाचा सूर आहे. आमचा मतभेद नेमका तेथे आहे. त्या छोट्या आज्ञावलीचे बरेचसे वापरकर्ते स्वतःच प्रोग्रॅमर होते, त्यामुळे त्यांची नजर निर्मात्यासारखीच होती. नियम सार्वत्रिक मानण्याआधी ‘डोळे किती’ यापेक्षा ‘डोळे कोणाचे’ हा प्रश्न विचारायला हवा.

बाजाराचीच उपमा घ्यायची तर आमच्या डोळ्यांसमोर सांगलीचा हळदीचा बाजार येतो. सौद्याच्या वेळी पोत्यांच्या रांगेवरून शेकडो माणसे जातात आणि पोती सर्वांनाच दिसतात. पण जाणता खरेदीदार पोत्यात हात घालतो, खालचे हळकुंड वर काढतो आणि मोडून आतला रंग पाहतो. नुसते पाहणे वेगळे आणि मोडून पाहणे वेगळे. रेमंड यांच्या बाजारात हा फरक पुरेसा ठळक झालेला नाही.

आता आपल्या घरचे उदाहरण घेऊ. त्यासाठी दोनच शब्द पुरे आहेत: सातारा आणि सांगली.

‘सातारा’ला विभक्तिप्रत्यय लागला की ‘साताऱ्यात’, ‘साताऱ्याचा’ अशी रूपे होतात. यातला ‘ऱ्या’ रफाराने लिहिता येत नाही. ‘सूर्य’ किंवा ‘आचार्य’ यांत र् चा आघात आधीच्या अक्षरावर येतो, म्हणून तेथे रफार. ‘साताऱ्यात’मध्ये तसा आघात नाही, म्हणून येथे आडवी छोटी रेघ. फरक केवळ लेखनाचा नाही, अर्थही बदलतो. ‘आचार्यांना’ बोलावले तर गुरुजी येतील आणि ‘आचाऱ्यांना’ बोलावले तर स्वयंपाकी येतील. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ सह्याद्रीतल्या. सातारा जिल्ह्यातल्याच कऱ्हाडचे नावही या चिन्हाशिवाय जुन्या रीतीने लिहिता येत नाही. हे चिन्ह हिंदीला लागत नाही, मराठीला मात्र पदोपदी लागते. शिक्षकांना हे नव्याने सांगायला नको.

हे चिन्ह संगणकात कसे साठवायचे? भारतीय लिपींसाठी १९९१ साली जे ‘आयस्की’ मानक ठरले, त्यात ‘ऱ’ (बिंदूचा र) आणि हलन्त या जोडीने ते साठवण्याची सोय होती. जागतिक ‘युनिकोड’ मानकाच्या १९९६ मधल्या २.० या आवृत्तीत निराळा मार्ग होता. साधा ‘र’, मग हलन्त, मग शून्य रुंदीचे एक अदृश्य जोडचिन्ह. पुढे युनिकोडने आयस्कीशी जुळणारा मार्ग स्वीकारला. पण जुन्या पद्धतीने साठवलेला मजकूर बिघडू नये म्हणून जुना मार्गही वैध ठेवला. हा निर्णय दक्षतेचाच होता. एकाही जुन्या फायलीतले अक्षर त्यामुळे मोडले नाही. त्याची किंमत मात्र अशी, की डोळ्यांना तंतोतंत सारखा दिसणारा ‘साताऱ्यात’ हा शब्द संगणकाच्या पोटात दोन वेगवेगळ्या रूपांत नांदू लागला. खरे तर तीन रूपांत, कारण ‘ऱ’ हे अक्षरही एकसंध अथवा ‘र’ आणि खालचा बिंदू असे सुटे लिहिता येते. ही दुसरी आणि तिसरी रूपे युनिकोडच्या नियमाने समान मानली जातात. पहिले रूप मात्र त्यांच्याशी समान मानले जात नाही.

परिणाम काय होतो ते पाहा. एका शिक्षिकेने विद्यार्थ्यांची यादी एका कळफलकाने टंकित केली आणि दुसऱ्याने तिच्यात दुसऱ्या कळफलकाने भर घातली. आता ‘साताऱ्याचा’ असा शोध घेतला तर निम्मे सापडतात आणि निम्मे सापडत नाहीत. अकारविल्हे लावले तर एकच शब्द दोन ठिकाणी जाऊन बसू शकतो. पडद्यावर पाहून कोणाला काही कळत नाही, कारण पडद्यावर फरकच नाही. येथे हजार डोळे असोत की लाख, त्यांचा उपयोग शून्य. डोळ्याला दिसणारे सारे बरोबर आहे आणि दोष तेवढा खरा आहे.

‘सांगली’तला प्रश्न उलट्या जातीचा आहे. मराठीतला ‘ल’ दोन पाकळ्यांचा, हिंदीतला निराळ्या वळणाचा. ‘श’चीही तीच गत. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठी वळणे अधिकृत म्हणून पुन्हा सांगितली. पण युनिकोडच्या दृष्टीने दोन्ही ‘ल’ एकच अक्षर आहेत आणि वळण ठरवणे हे फॉन्टचे काम आहे. अनेक फॉन्टांत हिंदी वळण मूळ धरलेले असते. मजकूर मराठी आहे अशी खूण असेल आणि फॉन्टमध्ये तशी सोय केलेली असेल, तरच मराठी वळण उमटते. येथे दोष उघड्या डोळ्यांना दिसतो, पण फक्त मराठी डोळ्यांना. दिल्लीत किंवा बर्लिनमध्ये बसलेल्या प्रोग्रॅमरला ‘सांगली’ अगदी बरोबर दिसते. त्याच्याकडे कोणी तक्रार नेली तर हा दोष आहे की केवळ आवडनिवड, असा प्रश्न त्याला प्रामाणिकपणे पडतो. तो बेफिकीर आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. आपण बंगालीतले किंवा तमिळमधले असे दोष ओळखू शकू काय?

म्हणजे पहिला दोष कोणत्याच डोळ्याला दिसत नाही आणि दुसरा जाणत्या डोळ्यालाच दिसतो. ज्याला दिसतो त्याला संहिता वाचता येत नाही, आणि ज्याला संहिता वाचता येते त्याला तो दिसत नाही. रेमंड यांच्या निबंधात शोधणारा आणि समजणारा असे दोघे वेगळे असले तरी एकाच बाजारात फिरत होते. आमच्या उदाहरणात ते दोन वेगवेगळ्या गावांत राहतात.

समजा, दोघांची गाठ पडली आणि दुरुस्ती झाली. येथे काम संपले असे मानण्याची रीत आहे. पण खरा धोका येथून पुढे सुरू होतो. त्याचे सर्वांत बोलके उदाहरण डेबियन या खुल्या संगणक-प्रणालीतले आहे. गुप्त संदेशांसाठी लागणाऱ्या किल्ल्या तयार करणारी ‘ओपनएसएसएल’ नावाची खुली आज्ञावली तिच्यात वापरली जाते. किल्ली सुरक्षित असायची तर तिच्या मुळाशी यदृच्छेने निवडलेल्या संख्या हव्यात. २००६ साली दोष हुडकणाऱ्या एका साधनाने इशारा दिला, की या आज्ञावलीत एके ठिकाणी आरंभीचे मूल्य न दिलेली स्मृती वाचली जात आहे. एरवी असा इशारा योग्यच असतो. डेबियनमध्ये ही आज्ञावली सांभाळणाऱ्या कार्यकर्त्याने तो गंभीरपणे घेतला. मूळ कर्त्यांच्या चर्चेत त्याने या ओळी काढल्या तर काय होईल असे विचारले. तेथे कोणी ठाम हरकत घेतली नाही. त्याने ओळी काढल्या आणि इशारा थांबला.

त्याबरोबर यदृच्छाही जवळजवळ संपली. काढलेल्या दोन ओळींपैकी एकीतून खरी यदृच्छ सामग्री मिसळली जात होती. ती गेल्यावर उरला फक्त चालू प्रक्रियेचा क्रमांक. परिणामी एका प्रकारच्या, एका लांबीच्या किल्लीसाठी जेमतेम ३२,७६८ शक्यता राहिल्या. इतक्या शक्यता साधा संगणकही थोड्या वेळात चाळून काढतो. डेबियनवर आधारलेल्या उबुंटूसारख्या प्रणालींतही हाच दोष उतरला. संहिता सर्वांसमोर उघडी असताना ही गोष्ट लुसियानो बेलो यांच्या लक्षात येऊन १३ मे २००८ रोजी जाहीर होईपर्यंत पावणेदोन वर्षे गेली होती. दरम्यान तयार झालेल्या साऱ्या किल्ल्या बदलाव्या लागल्या.

या माणसाला बेफिकीर म्हणता येईल काय? त्याने इशाऱ्याकडे दुर्लक्ष केले नाही, आधी विचारले आणि मगच बदल केला. पुष्कळ प्रोग्रॅमर यातले निम्मेही करत नाहीत. उणीव दुसरीकडे होती. दुरुस्ती ज्या कसोटीवर पारखली ती एकच होती, इशारा थांबला की नाही. त्या कसोटीला ती उतरली. या बदलाने दुसरे काय बिघडू शकेल, हे तपासणारी कसोटी कोणाकडेच नव्हती. आणि दुबळी किल्ली दिसायला बळकट किल्लीसारखीच असते. ‘साताऱ्यात’च्या दोन रूपांसारखे हेही डोळ्याला न दिसणारे अंतर.

मराठीच्या बाबतीतही अशीच ‘दुरुस्ती’ संभवते. अदृश्य चिन्हांचा गैरवापर करून फसवे पत्ते तयार करता येतात, म्हणून अशी चिन्हे गाळून टाकणे हा संगणकशास्त्रातला रास्त उपाय आहे. आंतरजालावरील पत्त्यांच्या २००३ च्या नियमांत शून्य रुंदीचे जोडचिन्ह सरसकट गाळले जात होते. भारतीय आणि फारसी लिपींना त्याची खरोखर गरज असते हे लक्षात घेऊन २०१० च्या नियमांत ते ठरावीक संदर्भात चालवून घेतले गेले. सुरक्षेची काळजी घेणाऱ्याच्या हातून भाषेची मोडतोड होऊ शकते ती अशी. जोडचिन्ह गळाले की जुन्या पद्धतीने साठवलेल्या ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो, आणि सह्याद्री समुद्रात जातो.

दक्षता मोजता येते का, हा वैज्ञानिकांचा प्रश्न आहे, आणि गेल्या वीस-बावीस वर्षांत त्यावर बरेच संशोधन झाले आहे. खुल्या आज्ञावलींचा प्रत्येक बदल तारीख, वेळ आणि कर्त्याच्या नावासह नोंदलेला असतो. संशोधकाला याहून चांगली सामग्री कोठे मिळणार? २००५ साली स्लिवेर्स्की, झिमरमन आणि झेलर या तिघांनी एक पद्धत मांडली. दोष दुरुस्त करताना ज्या ओळी बदलल्या, त्या ओळी त्याआधी शेवटच्या कोणी आणि केव्हा लिहिल्या ते शोधायचे, आणि तो बदल दोषाचे मूळ मानायचा. एक्लिप्स आणि मोझिला या प्रकल्पांवर ही पद्धत चालवल्यावर शुक्रवारी केलेले बदल अधिक सदोष ठरले. शुक्रवारी प्रोग्रॅम लिहू नये, असा विनोद त्यावरून पसरला आणि काहींनी तो नियम म्हणून घेतला.

२०११ साली आयोल्फसन, टॅन आणि लॅम यांनी लिनक्सचा गाभा आणि पोस्टग्रेस या दोन प्रकल्पांचा असाच अभ्यास केला. मध्यरात्र ते पहाटे चार या वेळातले बदल अधिक सदोष, तर सकाळी सात ते दुपारी बारा या वेळातले कमी सदोष निघाले. रोज नियमाने काम करणाऱ्यांचे बदलही कमी सदोष होते. वाराचा परिणाम मात्र प्रकल्पागणिक वेगवेगळा दिसला. म्हणजे शुक्रवारचा नियम सार्वत्रिक नाही. दोन प्रकल्पांतल्या निरीक्षणाला निसर्गनियमाचा दर्जा देण्याची घाई वाचकांची होती. संशोधकांकडे तो दोष जात नाही.

या अभ्यासांचे मोल आम्हाला मान्य आहे. तरी त्यांच्या मापाविषयी दोन शंका नोंदवणे आवश्यक वाटते. पहिली अशी, की ओळीला शेवटचा हात लावणारा तोच दोषाचा कर्ता, हे गृहीतक शिक्षकांना चटकन खटकेल. दहावीच्या निकालात गणित कच्चे दिसले म्हणून दहावीच्या शिक्षकाला जबाबदार धरण्यासारखे हे आहे. अपूर्णांकांचा गोंधळ पाचवीत झालेला असतो. एखाद्या व्यवस्थित माणसाने केवळ मोकळी जागा नीट केली किंवा चलाचे नाव सुधारले, तरी नोंदीत शेवटचे नाव त्याचेच राहते. या पद्धतीच्या पुढच्या सुधारित आवृत्त्यांत असे वरवरचे बदल वगळण्याचे प्रयत्न झाले आहेत, पण मूळ अडचण पुरती सुटलेली नाही.

दुसरी शंका अधिक गंभीर आहे. कठीण भाग कोणाच्या वाट्याला येतात? बहुधा अनुभवी आणि दक्ष माणसांच्याच. गुंतागुंतीच्या शस्त्रक्रिया निष्णात शल्यचिकित्सकाकडे जातात, म्हणून त्याच्याकडील मृत्यूंचे प्रमाण नवख्यापेक्षा जास्त दिसू शकते. तेवढ्यावरून त्याला निष्काळजी ठरवणारा माणूस संख्याशास्त्राचा दुरुपयोग करतो. मध्यरात्रीच्या बदलांचेही तसेच. दमलेल्या माणसाच्या हातून चुका होतात हे खरे असेल. पण मध्यरात्री कोण काम करते? दिवसभर नोकरी करून उरलेल्या वेळात खुल्या आज्ञावलीला हातभार लावणारा स्वयंसेवक, किंवा तातडीचा बिघाड निस्तरणारा जबाबदार माणूस. वेळ, थकवा, कामाची निकड आणि कर्त्याचा अनुभव या चार गोष्टी एकात एक मिसळलेल्या आहेत. घड्याळाकडे बोट दाखवून त्या वेगळ्या होत नाहीत.

२०११ सालचाच, यिन आणि सहकाऱ्यांचा आणखी एक अभ्यास आमच्या विषयाच्या अधिक जवळचा आहे. लिनक्स, ओपनसोलॅरिस, फ्रीबीएसडी आणि एक व्यापारी प्रणाली अशा चार मोठ्या प्रणालींतल्या दुरुस्त्यांचे नमुने त्यांनी तपासले. प्रकाशित आवृत्तीतल्या दोषांवर केलेल्या दुरुस्त्यांपैकी १४.८ ते २४.४ टक्के दुरुस्त्याच चुकीच्या निघाल्या. म्हणजे साधारण सहा-सात दुरुस्त्यांमागे एक, काही ठिकाणी चारांमागे एक. दुरुस्ती झाली म्हणजे दोष गेला असे समजणाऱ्यांनी हा आकडा भिंतीवर लावून ठेवावा. त्याच अभ्यासात चुकीच्या दुरुस्त्यांपैकी २७ टक्के अशा लोकांनी केल्या होत्या, ज्यांनी त्या फायलींना पूर्वी कधीच हात लावला नव्हता. नवख्यांना दूर ठेवा, असे सांगण्यासाठी हा आकडा सहज वापरता येईल. पण नापास मुलांपैकी २७ टक्के सायकलने शाळेत येतात एवढेच सांगितले, तर सायकलीविषयी काय सिद्ध होते? पास झालेल्यांपैकी किती जण सायकलने येतात ते शेजारी मांडावे लागेल. हा दाखला वरच्या वर्गांना संख्याशास्त्र शिकवताना जरूर वापरावा.

मग दक्षतेचे काय? ती निरर्थक आहे असे आमचे म्हणणे मुळीच नाही. पण ती माणसाच्या स्वभावात शोधली तर हाती फारसे लागत नाही, कामाच्या रीतीत शोधली तर लागते. याचे एक सुरेख उदाहरण आपल्या लिपीशीच निगडित आहे. ‘हार्फबझ’ ही खुली आज्ञावली अक्षरे जुळवण्याचे काम करते. ‘क’, हलन्त, ‘ष’ असे संकेत आले की ‘क्ष’ कसा उमटायचा हे ती फॉन्टला विचारून ठरवते. फायरफॉक्स, क्रोम, अँड्रॉइड आणि लिब्रेऑफिस हे सारे तिच्यावर अवलंबून आहेत. म्हणजे तुमच्या फोनवर ‘साताऱ्यात’ नीट दिसत असेल, तर बहुधा त्यात तिचा हात आहे.

तिचा भारतीय लिपींचा भाग बेहदाद एस्फाहबोद यांनी २०१२ च्या सुमारास नव्याने लिहिला. इराणमध्ये वाढलेल्या या गृहस्थांना दहा भारतीय लिपी मातृभाषेसारख्या येणे शक्यच नव्हते. त्यांनी विकिपीडियातील लेखांतून प्रत्येक लिपीतल्या शब्दांच्या प्रचंड याद्या काढल्या. देवनागरीचेच सात लाखांहून अधिक शब्द होते. प्रत्येक शब्द आपल्या आज्ञावलीतून आणि मायक्रोसॉफ्टच्या प्रचलित अक्षरजुळणी यंत्रणेतून काढायचा आणि दोन्हींची उत्तरे ताडून पाहायची. एक दुरुस्ती केली की सर्व लिपींच्या याद्या पुन्हा चालवायच्या, आणि त्या बदलाच्या टिपणातच लिहून ठेवायचे की बंगालीत इतके चुकले, देवनागरीत इतके, मलयाळममध्ये इतके. बंगालीसाठी केलेल्या दुरुस्तीने मलयाळम बिघडले तर ते त्याच दिवशी आकड्यांत दिसे. डेबियनच्या त्या कार्यकर्त्याकडे नेमके हेच नव्हते. हळकुंड मोडून पाहण्याची क्रिया येथे यंत्राकडे सोपवली आहे, आणि ती दर दुरुस्तीनंतर, न कंटाळता, सात लाख वेळा होते.

या रीतीलाही मर्यादा आहेत. ज्याच्याशी तुलना करायची ती यंत्रणाच चुकत असेल तर आपणही तिच्याबरोबर चुकू. काही ठिकाणी एस्फाहबोद यांनी जाणूनबुजून वेगळे उत्तर ठेवले ते याचमुळे. आणि यादीत असतील तेवढेच शब्द तपासले जातात. ‘सांगली’तला ‘ल’ कोणत्या वळणाचा हवा, हे अशा तुलनेत उमटणार नाही. तेथे माणूसच लागतो, आणि तो मराठी जाणणारा लागतो.

सातारा-सांगलीच्या शिक्षकांशी आणि वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांशी या विषयाचा संबंध येतो तो येथे. सांगलीच्या वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयात विद्यार्थ्यांचा लिनक्स गट आहे, आणि असे गट इतरत्रही आहेत. खुल्या आज्ञावलीला हातभार लावायचा म्हणजे संहिता लिहायची, असे जगभरच्या अशा गटांतील तरुणांना वाटते, कारण लिहिलेल्या ओळी मोजल्या जातात आणि नावापुढे लागतात. दोषाची नीट नोंद करणाऱ्याला तेवढा मान मिळत नाही, हे आम्हाला अनुचित वाटते. ‘मराठी नीट दिसत नाही’ एवढीच तक्रार आली तर बर्लिनमधला दक्षातला दक्ष प्रोग्रॅमरही काही करू शकत नाही. दुरुस्तीची गुणवत्ता बरीचशी नोंदीच्या गुणवत्तेवर ठरते, आणि नोंद कशी करावी हे शिकवणारा माणूस शाळेतच असतो. साहित्य, कृती, निरीक्षण आणि अनुमान, या चार मथळ्यांची प्रयोगवही आपण आठवीपासून लिहून घेतो. दोषाची चांगली नोंद म्हणजे दुसरे काही नाही. निरीक्षण आणि अनुमान यांची सरमिसळ करू नये हा प्रयोगवहीतला दंडक येथेही लागू पडतो. ‘फॉन्ट बिघडला आहे’ हे अनुमान झाले. ‘ऱ्या ऐवजी र्या दिसतो’ हे निरीक्षण.

एक छोटा प्रयोग वर्गात करून पाहण्यासारखा आहे. इन्स्क्रिप्ट कळफलकावर ‘जे’च्या कळीवर साधा ‘र’ असतो आणि शिफ्ट दाबून तीच कळ दाबली की ‘ऱ’ येतो. या ‘ऱ’ने ‘साताऱ्यात’ हा एकच शब्द साध्या मजकुराच्या फायलीत टंकित करावा आणि यूटीएफ-८ या संकेतनात साठवावा. शब्दात नऊ संकेत आहेत: स, काना, त, काना, ऱ, हलन्त, य, काना, त. देवनागरीचा प्रत्येक संकेत या संकेतनात तीन बाइट घेतो, म्हणून फायल २७ बाइटची होईल. आता दुसऱ्या कोणाकडून, दुसऱ्या कळफलकाने किंवा फोनवरून हाच शब्द लिहून मागवावा आणि तसाच साठवावा. आकार ३० बाइट आला तर आत एक संकेत जास्त आहे. तो अदृश्य जोडचिन्हाचा असेल किंवा सुट्या बिंदूचा. (काही संपादक ओळीच्या शेवटी किंवा फायलीच्या आरंभी स्वतःची खूण घालतात. तेवढे बाइट वजा करावेत.) मग दोन्ही शब्द एका फायलीत आणून शोधाची आज्ञा द्यावी आणि किती सापडतात ते पाहावे. शाळेतल्या वेगवेगळ्या आज्ञावलींत उत्तर वेगवेगळे येण्याचा संभव आहे.

आलेली उत्तरे मुलांनी तक्त्यात मांडावीत. आज्ञावलीचे नाव, तिचा आवृत्ती-क्रमांक, संगणक की फोन, कळफलक कोणता, फायलीचा आकार, शोधात काय सापडले आणि काय सापडायला हवे होते, एवढे रकाने पुरेत. ज्या खुल्या आज्ञावलीत फक्त एकच रूप सापडेल, तिच्या कर्त्यांना हा तक्ता दोन्ही फायलींसह पाठवता येईल. पाठवण्यापूर्वी दुसऱ्या गटाने तोच प्रयोग स्वतंत्रपणे करून आकडे जुळतात का ते पाहावे. आणि कर्त्यांकडून दुरुस्त आवृत्ती आली, की त्याच दोन फायलींवर ती पुन्हा चालवावी. ‘सूर्य’, ‘दर्या’ आणि ‘आचार्य’ हे शब्दही तेव्हा सोबत घ्यावेत, म्हणजे ‘ऱ्या’ शोधण्याच्या नादात रफार तर बिघडला नाही ना, ते कळेल.